दोन विमानांच्या मधला हॉल्ट

आई पहिल्यांदा एकटी मेलबर्नला ताईकडे निघाली, तेव्हा वाटेत सात तासांचा हॉल्ट होता. आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवली होती, त्यामुळे घरचे सगळे निर्धास्त. झालं असं, की विमानातून उतरल्यावर एका माणसाने तिला खुर्चीतून एका कोपऱ्यात नेऊन बसवलं, "इथेच बसा, मी येतो" अशी खूण केली आणि तो गेला. परत आला साडेपाच तासांनी. तेवढा वेळ आई जागची हलली नाही. वीस पावलांवर चहाचं दुकान दिसत होतं, पर्समध्ये पैसे होते. पण आपण उठायचं आणि नेमका तेव्हाच तो येऊन गेला तर, या धास्तीने ती बाथरूमलासुद्धा गेली नाही. मेलबर्नला ताई घ्यायला आली तेव्हा आईचे पाय चपलेत मावत नव्हते.

त्यानंतर मी हा विषय मनावर घेतला. आता घरात, सोसायटीत कुणाचं परदेशाचं तिकीट निघायचं असलं की ते आधी माझ्याकडे येतं, आणि मी पहिल्यांदा मधला थांबा बघते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. हॉल्ट सुखाचा जाणार की हालाचा, हे विमानतळावर ठरत नाही. ते तिकीट काढताना ठरून गेलेलं असतं. विमानतळावर आपण फक्त त्याची फळं भोगतो.

तिकीट एक आहे की दोन?

समजा पुण्याच्या एका घरातून मुलगा मेलबर्नला निघालाय. मुंबई ते सिंगापूर एक विमान, सिंगापूर ते मेलबर्न दुसरं. ही दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये, म्हणजे एकाच पीएनआरखाली असतील, तर सहसा मुंबईला टाकलेली बॅग थेट मेलबर्नला निघते. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते.

हीच दोन उड्डाणं स्वस्त पडली म्हणून वेगवेगळी घेतली, तर चित्र पार बदलतं. आता तो सिंगापूरला उतरणारा एक साधा प्रवासी आहे. त्याने देशात शिरायचं, पट्ट्यावरून बॅग उचलायची, पुन्हा चेक-इनच्या रांगेत लागायचं. देशात शिरायचं म्हणजे व्हिसा आला. आणि पहिलं विमान चार तास लेट झालं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो "आलाच नाही". पैसे गेले.

यात एक खाच आहे. काही संकेतस्थळं दोन वेगळी तिकिटं जोडून एकच किंमत दाखवतात. पैसे एकदाच भरले म्हणजे तिकीट एकच, असं नसतं. बारीक अक्षरात कुठेतरी "सेल्फ ट्रान्सफर" (मधला बदल तुमचा तुम्ही करायचा) असे शब्द असतात, ते शोधा. आणि मुंबईच्या काउंटरवर बॅग देताना तोंडाने विचारा, "सामान कुठपर्यंत जाणार?" बॅगेला बांधलेल्या कागदी पट्टीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात. ती तुमच्या शेवटच्या गावाची आहेत ना, हे काउंटर सोडायच्या आत वाचून घ्या.

तिकीट बघतानाच विमानतळाचं नावही बघायचं, नुसतं शहराचं नाही. इस्तंबूलला दोन मोठे विमानतळ आहेत, तोक्योला नारिता आणि हानेदा, लंडनला तर पाच-सहा. आता आपल्याकडेही हे लागू झालं. 25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि परदेशचं विमान मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळावरून पकडायचं असेल, तर मधलं अंतर रस्त्याने कापावं लागतं, आणि त्या रस्त्यावर मुंबईची वाहतूक आहे. गोव्याच्या मंडळींना दाबोळी की मोपा, हा प्रश्न 2023पासून पाठ आहेच.

आणखी एक आकडा ध्यानात असू द्या: 24 तास. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला थांबा 24 तासांच्या आत असेल तर तो साधारणपणे "कनेक्शन" धरला जातो, त्यापुढे गेला की "स्टॉपओव्हर". भाडं आणि सामानाचे नियम दोन्हींत वेगळे पडू शकतात. वाटेत एक-दोन दिवस मुद्दाम राहायचं असेल तर बुकिंग करतानाच कंपनीची स्टॉपओव्हर योजना आहे का ते विचारावं. आणि उलट बाजूने, थांबा लांबलचक आहे पण त्याहून बरं कनेक्शनच उपलब्ध नाही, अशा वेळी काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने हॉटेल, जेवण आणि ने-आण देतात. पण ही सोय आधी मागून घ्यावी लागते. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण बारा-बारा तास लोखंडी बाकावर काढतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

रेषा

प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक रेषा असते. पासपोर्टवर शिक्का मारणारा काउंटर म्हणजे ती रेषा. तिच्या आत असाल तोवर तुम्ही त्या जमिनीवर उभे असता, पण कागदोपत्री त्या देशात शिरलेले नसता. या आतल्या भागाला ट्रान्झिट म्हणतात. रेषा ओलांडली की तुम्ही त्या देशाचे पाहुणे. मग व्हिसा, कस्टम्स, सगळं लागू.

लांब हॉल्टचं सगळं नियोजन या एका रेषेभोवती फिरतं. मला ती ओलांडता येते का? आणि काही देशांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न: नुसतं आत थांबायलाही परवानगी लागते का?

सोपी उदाहरणं आधी. दुबई, दोहा, अबू धाबी, सिंगापूर इथे एका तिकिटावर पुढे जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला रेषेच्या आत राहायला व्हिसा लागत नाही. बाहेर पडायचं तर मात्र आधी तयारी हवी. दुबईसाठी 48 तासांचा आणि 96 तासांचा ट्रान्झिट व्हिसा असतो. तो निघण्याआधी विमान कंपनीमार्फत काढावा लागतो. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना 6 ते 24 तासांच्या थांब्यात फुकट शहर दाखवते, पण त्या बसमध्ये चढायला तुर्कस्तानात शिरता आलं पाहिजे. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) चालू व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, नाहीतर रीतसर अर्ज.

आता अवघड. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर विमानतळाच्या आत राहून विमान बदलायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा जवळ असेल तर बहुतेक वेळा यातून सूट मिळते. युरोपात शेंगेन हा 29 देशांचा गट. गटाची जी सामाईक यादी आहे, ज्या देशांच्या नागरिकांना विमानतळावरच्या ट्रान्झिटसाठीही व्हिसा लागतो, तिच्यात भारत नाही. पण गटातल्या काही देशांनी आपापल्या याद्यांत भारताचं नाव घातलेलं आहे, आणि या याद्या बदलत असतात. त्यामुळे "युरोपमार्गे जातोय" एवढं पुरत नाही, कोणत्या देशात उतरणार ते महत्त्वाचं.

शेंगेनमधला खरा सापळा दोन थांब्यांचा आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते लिस्बन, लिस्बनहून ब्राझील, असं तिकीट स्वस्तात दिसतं. यात फ्रँकफर्ट ते लिस्बन हा प्रवास शेंगेनच्या आतला झाला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने देशांतर्गत. त्या विमानात बसायला फ्रँकफर्टलाच रेषा ओलांडावी लागते. शेंगेन व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवतात. यात काउंटरवरच्या मुलीचा दोष नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही आणावं लागतं. म्हणून ती टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत तुमचा पासपोर्ट आणि मार्ग घालून नियम बघते. तिथे "नाही" आलं की हुज्जत घालून उपयोग होत नाही. तिकीट काढायच्या आधीच त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम वाचा. ओळखीतलं कुणीतरी दोन वर्षांपूर्वी तिथून गेलं होतं, या भरवशावर राहू नका.

अमेरिकेत तर ट्रान्झिटची अशी आतली बाजूच नाही. मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला जायचं असलं तरी न्यूयॉर्कला पूर्ण इमिग्रेशन करावं लागतं, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवाच. शिवाय अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे टाकलेली बॅग सहसा स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन, पुन्हा पट्ट्यावर द्यावी लागते, मग तिकीट एक का असेना. शिकागोमार्गे पुढच्या गावी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना हे आधी नीट सांगून ठेवा. बॅग "थेट" आली नाही म्हणून ते घाबरतात.

याच बाबतीत अबू धाबीचं एक वैशिष्ट्य मला फार उपयोगाचं वाटतं. 2014पासून तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी बसतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानाचं सगळं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीतच उरकतं, आणि तिकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. चौदा-पंधरा तास बसून आल्यानंतर आंबलेल्या अंगाने त्या रांगेत उभं राहायचं, की हॉल्टच्या वेळात, थोडं ताजंतवानं असताना? अबू धाबीत चार तासांचा थांबा असेल तर तो वाया गेला असं मी म्हणत नाही, त्यातला चांगला भाग या कामाला जातो.

बारा तासांचे होतात किती?

लोक म्हणतात, "बारा तास आहेत, आरामात शहर बघून येऊ." मांडून बघू.

मुंबईहून रात्री साडेअकराला विमान निघालं, साडेपाच तासांत सिंगापूर. आपल्याकडे पहाटेचे पाच, तिथे अडीच तास पुढे म्हणून सकाळचे साडेसात. मेलबर्नचं विमान संध्याकाळी साडेसातला. कागदावर बरोबर बारा तास.

विमानातून बाहेर येणं, चालणं, इमिग्रेशन: एक तास धरा. मेट्रोने गावात पोचायला, वाट बघण्यासकट, पन्नास मिनिटं. परतायला पाऊण तास. आणि पुढच्या विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर असलेलं बरं. बेरीज केली तर साधारण साडेपाच तास गेले. हातात उरले साडेसहा.

हे साडेपाच तास हॉल्ट कितीही लहान-मोठा असला तरी जाणारच. म्हणजे सात तासांच्या थांब्यात गावात मिळतो जेमतेम दीड तास, तोही घड्याळाकडे बघत. म्हणून माझा हिशोब असा: आठ तासांच्या आत असेल तर आतच थांबा आणि ते तास चांगले घालवा, दहाच्या पुढे असेल आणि व्हिसा असेल तर जरूर बाहेर पडा. सिंगापूरला साडेपाच तासांपुढच्या थांब्यासाठी विमानतळातर्फे फुकट फेरी निघते, तिला मी अपवाद करीन. अडीच तासांची फेरी, बस त्यांची, वेळ त्यांनी आखलेली, त्यामुळे धाकधूक नाही.

सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना लागतो, पण एक सवलत आहे. तिसऱ्या देशात जाता-येता, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्याचा व्हिसा जवळ असेल, त्याची निदान महिनाभर मुदत शिल्लक असेल आणि पुढचं तिकीट पक्कं असेल, तर 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय आत जाता येतं. अंतिम निर्णय काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ईमेलने येतो. त्याची छापील प्रत हातात ठेवा. आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

बाहेर पडलात की मेट्रोच्या फाटकाला कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, वेगळं तिकीट नको. एका स्टेशनावर, एक्स्पोला, गाडी बदलली की डाउनटाउन लाइन थेट बेफ्रंटला नेते. तिथे गार्डन्स बाय द बे. काचेच्या घुमटांना तिकीट आहे, बाहेरची बाग आणि ते पन्नास मीटरपर्यंत उंच लोखंडी वृक्ष फुकट बघता येतात. सकाळी लवकर जा, दुपारी तिथला उकाडा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो. त्याच लाइनवर चार स्टेशनं पुढे लिटल इंडिया. सेरंगून रोडवर 1947पासून चालू असलेलं कोमला विलास आहे. विमानातल्या डब्यातल्या जेवणानंतर तिथला डोसा जो काही लागतो!

आणि एक गोष्ट, जिच्यात पुष्कळ जण फसतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा तो प्रसिद्ध 40 मीटरचा धबधबा, 2019 साली उघडलेल्या ज्युएल इमारतीतला, तो रेषेच्या बाहेर आहे. फोटोत बघून "आत फिरता फिरता बघू" असं ठरवलेलं असतं आणि तिथे गेल्यावर कळतं की इमिग्रेशन करून बाहेर जावं लागेल. व्हिसा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. टर्मिनल 2 आणि 3च्या मधली फुकट गाडी ज्युएलच्या पोटातून जाते. ट्रान्झिटमधल्या लोकांनाही त्या गाडीच्या काचेतून धबधबा दिसतो, काही क्षणच, पण समोरून.

खसखस, फोन आणि कार्ड

रेषा ओलांडून बाहेर जाताना हातातली बॅग कस्टम्समधून जाते, आणि इथे मराठी घरांनी एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी: खसखस. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर, दोन्हीकडे खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. आपल्याकडे अनारशाला खसखस, करंजीच्या सारणात खसखस, कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात खसखस. लेकीसाठी प्रेमाने दिलेला डबा वाटेत केवढ्याला पडू शकतो, याची देणाऱ्या मावशीला कल्पनाही नसते. या मार्गांनी जाताना खसखस कुठल्याच बॅगेत नको. तंबाखूची पुडी किंवा गुटखाही सिंगापूरला चालत नाही. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खोकल्याच्या किंवा तीव्र दुखण्याच्या काही गोळ्यांवर आखाती देशांत निर्बंध आहेत, तेवढं निघण्यापूर्वी तपासा.

लोणचं, तूप, ओली चटणी ही सुरक्षा तपासणीत द्रव धरली जातात. 100 मिलिलिटरच्या वरची बाटली हातातल्या सामानात ठेवली तर मुंबईत सुटली तरी हॉल्टला जाते, कारण ट्रान्झिटमध्ये तपासणी पुन्हा होते. चांगीत टर्मिनल 1, 2 आणि 3ला ही तपासणी थेट गेटवर असते. भरलेली पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. त्यामुळे बाथरूम, पाणी, सगळं उरकूनच गेटमध्ये शिरा.

आता फोन. हे जरा जवळून सांगते, कारण यात विमानं सुटतात. सिम रोमिंगवर नसेल किंवा फोन एअरप्लेन मोडवरच राहिला असेल, तर त्यातलं घड्याळ आपोआप बदलेलच असं नाही. सिंगापूरला संध्याकाळचे सात वाजलेत आणि तुमचा फोन भारतातले साडेचार दाखवतोय. साडेसातचं विमान, म्हणजे अजून तीन तास आहेत, असं समजून तुम्ही निवांत बसलेले असता. तिकडे गेट बंद होत आलेलं असतं. दुबईसह अनेक विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची मोठ्याने घोषणा होत नाही. नाव पुकारलं जाईल म्हणून वाट बघू नका. उतरल्या-उतरल्या भिंतीवरचं घड्याळ बघून फोन जुळवा आणि बोर्डिंगच्या तासभर आधीचा गजर लावा. झोपायचं असेल तर दोन लावा. मधेमधे फलकावर गेट बदललं का ते बघत राहा.

विमानतळाच्या वायफायला कधीकधी ओटीपी लागतो आणि आपल्या सिमवर तो येत नाही. बऱ्याच ठिकाणी माहिती केंद्रावर पासपोर्ट दाखवला की पासवर्ड मिळतो. बोर्डिंग पास, व्हिसा, पुढचा पत्ता यांचे फोटो फोनमध्येच साठवून ठेवा, ईमेलमध्ये नुसते असून भागत नाही. आणि कार्ड: 2020पासून आपल्याकडची नवी कार्डं परदेशातल्या वापरासाठी बंद अवस्थेतच मिळतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. घरून निघताना करा. तिथे गेल्यावर ओटीपी येईलच असं नाही. लाउंजचंही तसंच. मुंबईत चालणारं कार्ड परदेशातल्या लाउंजमध्ये चालेलच असं नसतं.

झोपायचं की जागायचं

हे हॉल्टच्या शहराचं घड्याळ बघून ठरवायचं नाही, जिथे शेवटी पोचायचंय तिथलं बघून ठरवायचं. वरचंच उदाहरण घ्या. संध्याकाळी साडेसातला निघालेलं विमान मेलबर्नला पहाटे उतरणार, म्हणजे झोपायची रात्र विमानात आहे. अशा वेळी सिंगापूरचा दिवस लोळून काढला तर विमानात डोळा लागत नाही, आणि मग मेलबर्नचा पहिला दिवस गेलाच. तेव्हा दिवसा फिरा, उजेडात राहा, फार झालं तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी.

शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. पूर्वेला जाताना ते पुढे ओढायचं असतं, आणि त्यासाठी पहाटे-सकाळचा उजेड उपयोगी पडतो. पूर्वेचा प्रवास बहुतेकांना जड जातो, कारण लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं शरीराला सोपं असतं. दिवसाला साधारण एक तास, एवढ्याच गतीने ते घड्याळ सरकतं. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार-साडेपाच तास, म्हणजे चार-पाच दिवस लागणारच. हॉल्टच्या दिवशी मिळालेलं सकाळचं ऊन ही त्याची सुरुवात.

मध्यरात्रीचा हॉल्ट असेल आणि पुढेही रात्रच असेल, तर मात्र ट्रान्झिटच्या आतलं हॉटेल बघा. दोहा, दुबई, सिंगापूर, इस्तंबूल सगळीकडे आहे आणि सहसा ठरावीक तासांच्या हिशोबाने खोली मिळते. दोघांत वाटली तर फार महाग पडत नाही. तेही नको असेल तर निदान अंघोळ करा. पैसे देऊन वापरायची न्हाणीघरं मोठ्या विमानतळांवर असतात. हातातल्या बॅगेत एक जोड कपडे आणि पंचा असला की माणूस पुढच्या विमानात वेगळाच होऊन बसतो.

बसून राहू नका, हे मात्र वयाने मोठ्या माणसांना निक्षून सांगा. तासन्‌तास पाय लोंबते ठेवले की पोटऱ्यांतलं रक्त साकळण्याचा धोका वाढतो. हॉल्ट ही चालण्याची संधी आहे. दर तासाला दहा मिनिटं चाला, पाणी प्या.

आईचा दुसरा प्रवास

व्हीलचेअरचा अर्थ आम्हाला पहिल्या वेळी कळलाच नव्हता. ती सेवा एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पोचवण्याची आहे, सोबतीची नाही. मधल्या तासांत तो माणूस दहा जणांना नेत-आणत असतो. सांगितलं तर बहुतेक जण थांबतात, बाथरूमपर्यंत नेतात, चहा घेऊ देतात. पण सांगावं लागतं, आणि भाषा येत नसली की आपली माणसं गप्प बसतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिकीट काढतानाच हॉल्ट सिंगापूरचा घेतला, नऊ तासांचा, दिवसाचा. बाहेर जायचं नाही, आतच राहायचं, हे पक्कं. व्हीलचेअर सांगताना "लांब चालता येत नाही, जिना चढता येतो" हा प्रकार निवडला. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तीन वाक्यं लिहून दिली: मला बाथरूमला जायचं आहे, मला चहा घ्यायचा आहे, तुम्ही मला न्यायला किती वाजता येणार, ते कृपया इथे लिहा. खाली रेघ मोकळी सोडली. पाठीमागे मराठीत: उतरल्यावर घड्याळ अडीच तास पुढे करणे. गोळी सकाळी नऊला, तिथल्या वेळेने. पाण्याची बाटली गेटआधी रिकामी. ताईचा नंबर, माझा नंबर.

विमानतळावर तो कागद तिने त्या मुलाच्या हातात दिला. त्याने मोकळ्या रेघेवर 15.30 लिहिलं आणि तो कुठे येईल ते खुणेने दाखवलं. त्या एका आकड्याने आई मोकळी झाली. चहा झाला, गोळी झाली. मग सरकत्या पट्ट्यावरून, विचारत विचारत, ती टर्मिनल 3मधल्या फुलपाखरांच्या बागेत गेली. ती बाग ट्रान्झिटच्या आतच आहे, फुकट, दोन मजली, कोपऱ्यात छोटा धबधबा.

दुपारी तिने वायफायवरून व्हिडिओ कॉल केला. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता, पडद्यावर अर्धा चेहरा आणि अर्धं छत. मी म्हटलं, आई, फोन जरा हातात धर ना, काही दिसत नाहीये.

"थांब गं," ती कुजबुजली, "हातावर फुलपाखरू बसलंय. मला आत्ता हलता येत नाही."